ओल्मेदोचा काळा फुगा

ओल्मेदो पाग्वाय हा आमच्या पुकारुमी गावातला सगळ्यात हट्टी माणूस, असं मी म्हटलं तर निदान सहा जण माझ्याशी भांडायला येतील. तो मान आपलाच आहे असं इथे प्रत्येकाला वाटतं. पण त्या सहांपैकी एकानेही बायकोशी चाळीस वर्षं एकच भांडण चालवलेलं नाही. ओल्मेदोने चालवलं, आणि ती गेल्यावरही थांबवलं नाही.

भांडण असं: उखळीचा बार उडवला, तर त्याचा आवाज वर पोचतो की नाही.

आमच्याकडे बाराशिवाय सण होत नाही. लोखंडी उखळी जमिनीत रोवायची, दारू ठासायची, वर विटेचा चुरा कुटायचा, बत्ती द्यायची आणि जीव घेऊन पळायचं. हा आवाज शेजाऱ्यांसाठी नसतो, शेजाऱ्यांना तो नकोच असतो. तो वरच्यांसाठी असतो. सणाच्या सकाळी तीन बार, म्हणजे संताला जाग यावी. आणि गावातलं माणूस गेलं की चर्चमधून पेटी बाहेर निघताना एक बार, म्हणजे वर कळावं की कुणीतरी निघालंय, दार लावून घेऊ नका.

ओल्मेदोचा धंदा कागदी फुग्यांचा. पतंगाच्या कागदासारखा पातळ कागद, त्याच्या घागऱ्यासारख्या लांब कळ्या कापून जोडायच्या, खाली तेलाचा बोळा पेटवायचा, की घराएवढा फुगा डोलत डोलत वर. जूनमध्ये संत पेद्रोच्या सणाला त्याचे फुगे पुनिन, लिक्तो, सेबादास अशा गावांवरून जात, आणि ज्या गावावरून फुगा जाईल त्या गावाने बार उडवून सलामी द्यायची ही आमची रीत. पुनिनने तीन उडवले तर लिक्तो चार उडवणार, आणि सेबादासचे लोक शेजारच्या गावातून दारू उसनी आणून सात उडवणार. सलामी चुकली तर वर्षभर बाजारात मान खाली.

ओल्मेदोची बायको तार्खेलिया ह्या सगळ्या थाटाला भीक घालत नसे. "वर काही ऐकू जात नाही, ओल्मेदो," ती म्हणायची. "कुत्री पळतात, माझी कोंबडी दोन दिवस अंडं घालत नाही, आणि तुझा एक कान कामातून गेला. एवढंच होतं तुझ्या बाराने."

कान खरंच गेला होता. डावा. तार्खेलियाने त्याचीसुद्धा सोय करून ठेवली होती. नवऱ्याला बोल लावायचे असले की ती त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहायची. आणि कधी काही गोड बोलायचं झालं तर डाव्या बाजूने, हळूच, म्हणजे बोलल्याचं समाधान आणि ऐकल्याचा पुरावा नाही. मी तिला एकदा रंगेहाथ पकडलं होतं. ती म्हणाली, "तोंड उघडशील तर बघ, लेओनिला. डोक्यावर बसेल तो माझ्या."

लेओनिला म्हणजे मी. चौकात माझी भट्टी आहे, दर शनिवारी-रविवारी अख्खं डुक्कर भाजून विकते, आणि त्याची साल कुरकुरीत नसली तर पैसे परत. ह्या दोघांच्या मुलीची मी धर्ममाता, बाप्तिस्म्याला तिला मीच धरलं होतं. त्यामुळे ओल्मेदो मला कोमाद्रे म्हणतो आणि मी त्याला कोंपाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावंडांपेक्षा जड असतं, कारण भावाशी अबोला धरता येतो, कोंपाद्रेशी नाही.

ती मुलगी लग्न होऊन समुद्राकाठी गुआयाकिलला गेली, आणि तिथून एक दिवस तिचा फोन आला. "आई, तुम्ही ठीक आहात ना? संगाय गरजतोय, माझ्या खिडक्या थरथरतायत." संगाय हा आमचा ज्वालामुखी, आमच्या अंगणातून त्याचा धूर दिसतो. आणि आमच्या अंगणात कोंबडीसुद्धा मान वर करत नव्हती.

तार्खेलिया ताबडतोब नवऱ्याच्या उजव्या बाजूला गेली. "ऐकलंस? एवढा मोठा डोंगर ओरडतोय आणि शेजारी आवाज नाही. आणि तुझा बार म्हणे स्वर्गात पोचतो." ओल्मेदो तीन दिवस जेवणाची तक्रार करत राहिला.

मग ओल्मेदोवर दोन घाव पडले. सहा वर्षांपूर्वी कुणाचा तरी जळता फुगा निलगिरीच्या रानात पडला, चार दिवस रान जळलं, आणि नगरपालिकेने आग लावलेल्या फुग्यांवर बंदी घातली. फुगा ओल्मेदोचा नव्हता, पण बंदी त्यालाही लागू. कागद माळ्यावर गेला, आणि तो वाढदिवसांच्या कागदी माळा करून विकू लागला. दोन वर्षांनी तार्खेलिया गेली. जाण्याआधी मी उशाशी असताना तिने त्याला जवळ बोलावलं, उजव्या बाजूला. "माझ्या वेळी बार उडवायचा नाही. मला शब्द दे. निदान त्या दिवशी तरी माझे कान शांत राहू देत."

ओल्मेदोने शब्द दिला आणि पाळला. पेटी चर्चमधून बाहेर आली, सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं, आणि तो हात अंगावरच्या पोंचोच्या आत घेऊन चालत राहिला. बार झाला नाही. मला तेव्हा त्याचा राग आला, खोटं कशाला सांगू. आणि पुढे माझ्या लक्षात आलं की त्यालाही स्वतःचा राग आलाय. भट्टीपाशी बसून तो मध्येच विचारायचा, "कोमाद्रे, समजा वर ऐकू जात असेल. मग ती न सांगताच जाऊन पोचली असेल ना? दारात उभी राहिली असेल?"

"तार्खेलिया आणि दारात उभी? धक्का देऊन आत गेली असेल," मी म्हणायची. तो हसायचा, पण चार वर्षं तोच प्रश्न होता. ऐकू जातं की नाही, एवढं त्याला कळायला हवं होतं.

अशात जुलै महिन्यात शहरातल्या विद्यापीठातली चार पोरं गावात आली. त्यांची पुढारी लिझबेथ तेनेलेमा, गुआमोतेकडची, जाड चष्मा आणि त्याहून जाड भुवया. त्यांनी शाळेच्या मैदानात एक पारदर्शक प्लास्टिकचा फुगा पसरला, पंख्याने हवा भरली आणि तो पिळलेल्या उशीसारखा एका कुशीवर वळून फाटला. गावाने मनापासून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी दुसरा फाटला. तिसऱ्या दिवशी ओल्मेदो उठून मैदानात गेला.

"पोरी, ही कळी कुणी कापली?"

"कॉम्प्युटरने गणित केलं, काका. कापली आम्ही."

"मग गणिताला दोष नाही. एकेक कळी वेगळी कापलीत, म्हणून प्रत्येकीचं नाक वेगळ्या दिशेला. सगळ्या एकावर एक ठेवायच्या आणि एका दमात कापायच्या."

त्याने घरून आजोबांची दोरी आणली. तिच्यावर नऊ गाठी आहेत, आणि प्रत्येक गाठीला कळी किती रुंद हवी ते त्याला तोंडपाठ. लिझबेथने कॉम्प्युटरचा कागद दोरीशेजारी धरला. दोन्ही वळणांत बोटभराचाच फरक निघाला. तिने कागद मुकाट्याने घडी करून खिशात घातला, आणि त्या क्षणापासून ती पोरगी मला आवडायला लागली.

छप्पर असलेल्या व्हॉलीबॉलच्या मैदानावर तीन आठवडे काम चाललं. रंगारी फरशीवर अंथरतात तसलं ते पातळ प्लास्टिक, आणि चिकटपट्टी. ओल्मेदो पायात नुसते मोजे घालून उलटा चालत जोड चिकटवायचा, पोरं त्याच्यामागे. मग फुगा आतून काळा करायचा होता, कारण ह्या फुग्याला आग नाही, काळा रंग ऊन पितो, आतली हवा तापते आणि तो उचलला जातो. त्यासाठी कोळशाची पूड लागत होती. ती माझ्या भट्टीतली. चारही पोरं आणि ओल्मेदो फुग्याच्या आत शिरून पूड हलवत होते, आणि बाहेर आले तेव्हा कोण विद्यार्थी आणि कोण म्हातारा ते दातांवरून ओळखावं लागलं.

"काळा फुगा," ओल्मेदो तोंड पुसत म्हणाला. "जन्मभर लाल-पिवळे केले, आणि शेवटी हा मयताचा."

"पण बंदीत बसत नाही, काका. आग कुठेय ह्याला?"

नगरपालिकेच्या माणसाने दोनदा येऊन आग शोधली. नव्हती. विमानवाल्यांची परवानगीही लिझबेथने काढून आणली होती. तो माणूस माझ्याकडे डुक्कर खाऊन गेला.

फुग्याला टांगायचं होतं एक छोटं खोकं, आणि त्यात एक यंत्र. माणसाच्या कानाला लागत नाही इतका खोल आवाज ते टिपतं, असं लिझबेथने सांगितलं. ओल्मेदो म्हणाला, "म्हणजे न ऐकू येणारं ऐकतं? असली एक बाई मी चाळीस वर्षं सांभाळली. माझ्या मनातल्या शिव्या तिला ऐकू जायच्या."

"संगाय गरजतो तो आवाज आधी वर जातो, काका. वरचा वारा आणि वरची गरमी त्याला वाकवते, आणि तो लांब समुद्राकाठी खाली उतरतो. आपण मध्ये राहतो, म्हणून आपल्याला ऐकू येत नाही. मी यंत्र वर पाठवून तो मोजणार आहे. माझी पदवी त्यावरच आहे."

ओल्मेदोच्या हातातली चिकटपट्टी थांबली. "थांब पोरी. आवाज वर जातो?"

"डोंगराचा जातो."

"आणि बाराचा?"

लिझबेथने खांदे उडवले. "तो बारका आवाज. कुठवर जातो ते कुणी बघितलंय?"

"मग बघू या की. फुगा वर गेला की एकच बार उडवतो. तुझं यंत्र सांगेल."

"अजिबात नाही, काका." भुवया एकत्र आल्या. "यंत्राला डोंगराचा धक्का आणि तुमचा बार सारखाच दिसतो. त्या दिवशी बार नको, फटाका नको, काही नको. माझी दोन वर्षं आहेत त्या खोक्यात. शब्द द्या."

त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. चार वर्षांचा प्रश्न, उत्तर देणारं यंत्र हातभर अंतरावर, आणि पुन्हा एक बाई त्याच्याकडून बार न उडवण्याचा शब्द मागत होती. ओल्मेदोने शब्द दिला. संध्याकाळी तो वडिलांच्या वेळच्या तिन्ही उखळ्या आणि दारूचा डबा घेऊन माझ्याकडे आला. "कोमाद्रे, तुमच्या पेटीत कुलूप लावून ठेवा. हात शिवशिवतात. माझा भरवसा नाही."

माझा भरवसा आहे, असं त्याला वाटलं.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, सकाळी आठ वाजता, फुगा सोडला. वारा नव्हता, आभाळ धुतल्यासारखं होतं. ऊन लागताच तो काळा गोळा उभा राहिला, थरथरला आणि हात सोडताच चालता झाला. आग नाही, धूर नाही, आवाज नाही. पोरं ट्रक घेऊन त्याच्यामागे गेली, आणि गाव मैदानावर माना वर करून उभं राहिलं. सहा वर्षांनी ओल्मेदोचा फुगा आभाळात होता, आणि कुणाला काय करावं ते सुचेना. बार नाही तर टाळी कधी वाजवायची? एक म्हातारी क्रॉसची खूण करून म्हणाली, "कुणाचं मयत आहे?"

मी भट्टीवर गेले, डुक्कर फिरवलं, परत आले. तास झाला तरी ओल्मेदो मैदानाच्या पायरीवर बसलेला. फुगा आता पुनिनच्या बाजूला मोहरीएवढा दिसत होता. मी म्हटलं, "झक्क गेला की, कोंपाद्रे."

तो म्हणाला, "हो. तीपण अशीच गेली. गपचूप."

मला राग लवकर येतो, हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. पण तो नेमका कुणाचा आला होता हे आजही सांगता येणार नाही. तार्खेलियाचा, की लिझबेथचा, की शब्द देऊन बसणाऱ्या ह्या म्हाताऱ्याचा. मी घरी गेले, पेटी उघडली, भट्टीमागच्या वावरात तिन्ही उखळ्या रोवल्या आणि लहानपणी बघितलं होतं तसं दारू ठासून चुरा कुटला. शब्द त्याने दिला होता, मी दिला नव्हता. मी भट्टीतलं कोलीत उचललं.

तीन बार. तिसऱ्याला माझी चप्पल वावरातच राहिली.

ओल्मेदो पायरीवरून उठला नाही. त्याने फक्त धुराकडे बघितलं आणि टोपी काढली. मी मनात म्हणत होते, झालं, तीन तर तीन, कोण मोजतंय. आणि तेवढ्यात पुनिनकडून आवाज आला. धाड. धाड. धाड. धाड.

आमचे बार ऐकून पुनिनने मान वर केली होती, आणि वर फुगा होता. पुकारुमीचा फुगा, आपल्या डोक्यावर, आणि आपण सलामी न देता मक्याचे दाणे सोलत बसलोय. सहा वर्षांची साठलेली दारू होती लोकांकडे. पुनिननंतर लिक्तो पेटलं, लिक्तो थांबेना म्हणून पुनिनने दुसरी फेरी धरली, आणि दुपारी सेबादासकडून जे काही ऐकू आलं त्याला सलामी म्हणत नाहीत, लढाई म्हणतात. मी भट्टीचं दार लावून आत बसले. ग्राहकांना सांगितलं, डुक्कर संपलं.

फुगा ऊन उतरताच सेबादासच्या पलीकडच्या माळावर आला. दुसऱ्या दिवशी दुपारी लिझबेथ भट्टीपाशी आली. हातात कागदाची लांब गुंडाळी, आणि डोळे लाल. तिने ती माझ्या टेबलावर पसरली. आडवी रेघ, आणि तिच्यावर करवतीसारखे दात.

"पंचाण्णव," ती म्हणाली. "पंचाण्णव धक्के. ह्यातले डोंगराचे कुठले आणि जत्रेचे कुठले? आमचे सर म्हणाले, असलं काही दाखवायचं नसतं. काका, तुम्ही शब्द दिला होता."

ओल्मेदोने माझ्याकडे बघितलं. मी डुकराच्या सालीकडे बघितलं. तो म्हणाला, "चुकलो, पोरी."

मी मूग गिळून बसले. आयुष्यात गप्प बसायची मला फारशी सवय नाही, आणि बसले ती नेमकी तेव्हा. रात्री झोप आली नाही, ते योग्यच झालं.

सकाळी ओल्मेदोनेच तोड काढली. "पोरी, तुझ्या रेघेवर वेळ आहे ना? मग कुठल्या गावाने कधी उडवले ते विचारू. तेवढे खोडून टाक. उरतील ते डोंगराचे."

"सेकंद लागतील, काका. दुपारच्या सुमाराला असं चालणार नाही."

"सणाला फोन वर न धरणारा माणूस दाखव मला. सगळ्यांनी चित्रं काढली असतील, आणि त्यांत वेळ असते म्हणतात."

होती. मग आम्ही तिघं त्या ट्रकमधून गावोगाव फिरलो. मी का आले असं ओल्मेदोने विचारलं नाही. प्रत्येक गावात आधी बसवून जेवू घातलं, कारण फुगेवाला घरी आलाय. लिझबेथने दोन दिवसांत सात जेवणं केली, त्यांत चार वेळा अख्खी कुई. कुई म्हणजे घरात पाळलेला गिनीपिग; आमच्याकडे भाजलेली कुई पाहुण्याच्या पानात डोक्यासकट येते आणि नको म्हणणं म्हणजे अपमान. पुनिनने मान्य केलं, चौदा. फोनवर चौदा, रेघेवर चौदा. लिक्तोत मात्र सणाचे यजमान छाती काढून म्हणाले, "तीस. लिहून घ्या, पोरी. तीस."

लिझबेथने फोन तपासले, कागद तपासला. "एकोणीस दिसतात."

"तुमचं यंत्र बहिरं आहे."

"आजोबा, पुनिनचे सगळे ऐकलेत त्याने."

"पुनिनचे ऐकतं आणि आमचे नाही? मग ते पुनिनचंच यंत्र आहे." शेवटी त्यांचा नातू मागून म्हणाला की अकरा बार ओल्या दारूमुळे फुसके गेले, आणि यजमानांनी आम्हाला आणखी एक जेवण वाढून ती गोष्ट सेबादासला सांगायची नाही असं वचन घेतलं. सेबादासने अडतीस कबूल केले, आणि अडतीसच निघाले. ओल्मेदोने तिथे लिक्तोबद्दल काही सांगितलं नाही. त्याचा तो स्वभावच आहे. मी सांगितलं.

परत येऊन लिझबेथने माझ्या टेबलावर एकेक दात खोडला. पुनिनचे गेले, लिक्तोचे गेले, सेबादासचे गेले. उरले चोवीस. त्यातले तीन बाजूला ठेवले, तर बाकी एकवीस कुठल्याच गावाचे नव्हते. ते संगायचे. तिने चष्मा काढून पुसला. आणि म्हणाली, ठिकाण आणि वेळ माहीत असलेले इतके बार कुणाला फुकट मिळतात? आवाज कुठल्या वाटेने वर गेला ते आता तिला ह्या बारांवरून काढता येणार होतं. हे ऐकून तिच्या सरांचाही सूर बदलला, असं तिने पुढच्या आठवड्यात सांगितलं.

"आणि हे तीन?" ती म्हणाली. "सगळ्यात आधीचे. हे तुमचे, काका. वेळ सांगा."

ओल्मेदोला वेळ माहीतच नव्हती. तो माझ्यासाठी खोटं बोलू शकत होता, पण मिनिट-सेकंदाचं खोटं त्याला येईना.

"साडेनऊ," मी म्हटलं. "डुक्कर फिरवून आले होते. आणि दाराशी आमच्या शेजारणीचा फोन चालू होता, त्यात सेकंद मिळतील. ते बार माझे आहेत, पोरी. ह्याने टोपी काढण्यापलीकडे काही केलं नाही. रागवायचं तर माझ्यावर रागव."

लिझबेथ माझ्याकडे बघत राहिली. "मावशी, तुम्ही?"

"तीनही. तिसऱ्याला चप्पल गेली."

तिने रागवायचा प्रयत्न केला आणि तिला जमलं नाही. शेजारणीचा फोन आणला, वेळ लावली, बोट रेघेवरून सरकवलं. "पहिला साडेनऊ वाजून चौदा सेकंदांना उडवला. यंत्राला मिनिटभराच्या आत कळला."

ओल्मेदो पुढे वाकला. "म्हणजे गेला? वर?"

"गेला, काका. तिन्ही गेले."

"किती वर?"

तिने हिशोब केला. "चिंबोराझोच्या डोक्यावर आणखी एक चिंबोराझो ठेवला, तरी त्याच्याही वर."

आमच्याकडे चिंबोराझोहून उंच डोंगर नाही. ओल्मेदोने त्या तीन दातांवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग म्हणाला, "हा तुकडा मला देशील?" लिझबेथने रेघेची नक्कल काढून दिली. तो रडला. मीही रडले, आणि धुरामुळे असं म्हटलं नाही.

दोन नोव्हेंबरला आमच्याकडे सगळे थडग्यांवर जातात. जांभळी खीर, बाळाच्या आकाराचे पाव, जेवण तिथेच. मी तार्खेलियाजवळ चादर अंथरत होते तेव्हा ओल्मेदो आला. एका हातात कागदाची गुंडाळी, दुसऱ्या हातात एक उखळी, ठासलेली. मला वाटलं, झालं. चार वर्षं राहिलेला बार आता होणार. मी कानात बोटं घालायची तयारी केली.

त्याने थडग्यावर कागद पसरला, चार कोपऱ्यांवर चार पाव ठेवले आणि त्या तीन दातांवर बोट ठेवून तिला म्हणाला, "हरलीस, तार्खेलिया. हे बघ. उशीर झाला, पण एकाऐवजी तीन पोचले. आणि मी शब्द मोडलेला नाही, कोमाद्रेने मोडला."

मग तो उखळी बाजूला ठेवून खाली बसला.

"का हो, उडवत नाही?" मी विचारलं.

"कशाला? ऐकू जातंय हे कळलं ना आता. मग उगाच तिचे कान कशाला किटवायचे."

मी खीर वाढली. तो जिथे बसला होता तिथून थडगं त्याच्या डाव्या हाताला येत होतं. मी म्हटलं, "कोंपाद्रे, सरका की इकडून. त्या कानाने तुम्हाला काही ऐकू येत नाही."

"माहितेय," तो म्हणाला, आणि पावाचा तुकडा खिरीत बुडवला. "ती ह्याच बाजूने काय बोलायची तेही माहितेय मला. बोलायचं असेल तर तिला संकोच नको."